वीस हजारांत पहिली गाडी: २००४ ची स्प्लेंडर उभी करायची आहे, सल्ला हवा

ओंकार_कराड

मंडळी नमस्कार. इथले गाडीचे धागे बरेच दिवस वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय.

मी कराडला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. खोली ते कॉलेज आणि सुट्टीला पाटणजवळ गावी, एवढीच माझी धाव. नवी गाडी घेतली तर हप्ता वडिलांच्या डोक्यावर बसणार, ते मला नकोय. गावात शेजारच्या काकूंकडे एक गाडी उभी आहे. २००४ ची हिरो होंडा स्प्लेंडर प्लस, काळी, किकवाली, एमएच ११. काका होते तोवर रोज डेअरीला दूध घालायला जायची. ते गेल्यापासून दोन पावसाळे गोठ्याच्या छपराखाली आहे. काकू म्हणाल्या, "तू चालवणार असशील तर आठ हजाराला ने. भंगारवाल्याला द्यायचं जिवावर येतंय."

सध्याची स्थिती अशी. दोन्ही टायर बसलेत. टाकीचं झाकण उघडलं की आंबूस, वार्निशसारखा वास येतो. किक खाली जाते, अडकत नाही. हँडल एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला नेताना मधोमध खटकन बसतं. मागचा ब्रेक दाबला की दाबलेलाच राहतो. बॅटरी मेलेली.

सुट्टीत काम करून साठवलेले वीस हजार आहेत. गाडीचे आठ गेले की बारा उरतात. गावातले मेकॅनिक म्हणतात फुल इंजिन काम करून टाकू आणि रंग मारू, सगळे पैसे त्यातच जातील. मला जमेल तेवढं स्वतःच्या हातानं करायचंय. सुरुवात कुठून करू? मित्र म्हणतात, एवढं करणारच आहेस तर यामाहाची जुनी आरएक्स १०० शोध.

नानापेठ_जुना

ओंकार, पहिली गाडी म्हणून याहून सोपी गाडी मिळणार नाही. मी पुण्यात नाना पेठेत स्पेअर पार्टच्या काउंटरला बसतो, त्यामुळे काय मिळतं आणि काय मिळत नाही हे रोज बघतो.

हिरो आणि होंडाची भागीदारी १९८४ ची. सीडी १०० आली १९८५ ला, स्प्लेंडर १९९४ ला, तुझी प्लस २००४ ला. या सगळ्यांना ९७.२ सीसीचं एकाच घराण्यातलं इंजिन आहे, ५० मिलिमीटर बोअर (सिलिंडरची आतली रुंदी) आणि ४९.५ स्ट्रोक (पिस्टनची धाव). डिसेंबर २०१० मध्ये भागीदारी मोडली, पुढे कंपनीचं नावही बदललं, पण इंजिन चालूच राहिलं. मोठा बदल झाला तो २०२० मध्ये, बीएस सहा या प्रदूषणाच्या नियमांना कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं तेव्हा. त्यामुळे तुझ्या गाडीचे ब्रेक शू, केबल, क्लच प्लेटा, पिस्टन हे सगळं तालुक्याच्या कुठल्याही दुकानात मिळतं. फक्त प्रत्येक सुटा भाग सगळ्या मॉडेलला बसतोच असं नाही. जुना भाग पिशवीत घालून दुकानात जायचं आणि काउंटरवर शेजारी ठेवून ताडून बघायचं.

कंपनीचा माल कुठे घ्यायचा आणि लोकल कुठे चालतो, हेही सांगून ठेवतो. ब्रेक शू, बेअरिंग, कोनसेट (हँडलच्या मानेतल्या वाट्या आणि छर्रे), क्लच-ब्रेकच्या केबल आणि चेन किट यांत काटकसर करू नको. साइड पॅनल, इंडिकेटर, आरसे, ग्रिप, मडगार्ड लोकल घेतलेस तरी बिघडत नाही.

कागदवाला

पान्याला हात लावायच्या आधी आरसी बघ, आणि पैसे द्यायच्या तर फारच आधी बघ.

खासगी दुचाकीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते. २००४ ची गाडी म्हणजे २०१९ ला संपली. त्यानंतर पाच-पाच वर्षांचं नूतनीकरण, फॉर्म २५ भरून. काकांनी २०१९ ला केलं असेल तर तेही २०२४ ला संपलं. मुदत उलटून गेली की नियमाप्रमाणे दुचाकीला दरमहा ३०० रुपये उशिराचे लागतात. दीड वर्षाचे ५,४०० झाले. २०१९ लाच केलं नसेल तर दंडच गाडीच्या किमतीच्या वर जाईल. शिवाय ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या दुचाकीची नूतनीकरण फी २,००० झाली आहे. पर्यावरण कर वेगळा. नेमका आकडा वाहन पोर्टलवर गाडीचा नंबर टाकून काढ, कुणाच्या तोंडी हिशेबावर जाऊ नको.

आणखी तीन गोष्टी सांग. आरसी कुणाच्या नावावर आहे? त्यावर बँकेचा बोजा आहे का? आणि चेसिस नंबर स्वतः वाचलास का? हँडलच्या मानेवर कोरलेला असतो. मातीत लपलेला असेल तर रॉकेलचा बोळा फिरव, वर कागद ठेवून पेन्सिल घास आणि अंकन् अंक आरसीशी जुळव.

ओंकार_कराड

आरसी काकांच्याच नावावर आहे. २०१९ ला नूतनीकरण झालंय, जून २०२४ पर्यंत. चेसिस आणि इंजिन, दोन्ही नंबर जुळले. पण आरसीवर एका पतसंस्थेचं नाव दिसतंय. काकू म्हणतात कर्ज कधीच फिटलं.

कागदवाला

मग क्रम असा. काकूंनी जुन्या कागदांत पतसंस्थेचा नील दाखला शोधावा. नसेल तर पतसंस्थेकडून नवा घ्यायचा आणि बोजा उतरवायच्या फॉर्म ३५ वर त्यांचा सही-शिक्का आणायचा. पतसंस्था बंद पडली असेल तर हे काम लांबतं, म्हणून हे पहिलं. दुसरं, मालक वारले असतील तर गाडी वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ असतो, सोबत मृत्यूचा दाखला आणि वारसाचे कागद. गाडी काकूंच्या नावावर झाली की फॉर्म २९ आणि ३० वर तुझ्या नावावर. काकांच्या सहीचे जुने कोरे फॉर्म कुणी एजंटनं सुचवले तर तिथून उठून ये. गेलेल्या माणसाच्या सहीवर गाडी विकणं हा गुन्हा आहे, आणि त्यात काकूही अडकतील.

नूतनीकरणाला गाडी आरटीओत न्यावी लागते. निरीक्षक चेसिस नंबर, दिवे, इंडिकेटर, हॉर्न, ब्रेक बघतात. नोंदणी संपलेली गाडी रस्त्यावरून चालवत न्यायची नाही, छोट्या टेम्पोत घालून ने. विमा आणि पीयूसी आधी हवेत. एवढ्या जुन्या गाडीला थर्ड पार्टी विमा पुरतो. ७५ ते १५० सीसीच्या गटाचा २०२२ ला ठरलेला हप्ता ७१४ रुपये आहे, वर जीएसटी. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना नवी उच्च सुरक्षा नंबरप्लेट सक्तीची आहे, दुचाकीला ४५० रुपये अधिक जीएसटी. ती अधिकृत केंद्रातूनच बसवून घे.

हिशेबी_मनोज

सगळ्यांचा मान राखून वेगळं मत मांडतो. आठ हजार गाडी, कागदाला आठ-नऊ हजार, दुरुस्तीला दहा. सत्तावीसच्या आसपास गेलास. तेवढ्यात २०१२-१३ ची, कागद जिवंत असलेली, चालती गाडी कराडातच मिळेल. वीस वर्षांच्या गाडीवर एवढा खर्च करून विकताना काय हातात येणार?

नानापेठ_जुना

मनोजराव, हिशेब बरोबर आहे आणि ओंकारनं तो काकूंसमोर मांडावा, किंमत तिथेच ठरेल. पण बाजारातल्या २०१२ च्या गाडीचा इतिहास कुणाला माहीत असतो? मीटर मागे फिरवलेला असतो, फ्रेम वाकून सरळ केलेली असते, वर चकचकीत रंग. ही गाडी एका हाताची, एका रस्त्याची, सगळ्या गावाच्या डोळ्यांसमोरची. विकताना काय येईल हा प्रश्न त्याला पडलेला नाही, तो चालवायला घेतोय. आणि हातानं काम शिकायचं म्हणतोय, त्याची किंमत कुठल्या रकान्यात धरणार?

आरएक्स_सातारा

मित्रांचा आरएक्सचा सल्ला आला म्हणून मीच बोलतो, कारण मी ती चालवतो आणि तिच्यावर माझा जीव आहे. १९८५ ला आली, १९९६ ला बंद झाली. ९८ सीसी, दोन स्ट्रोक, ११ अश्वशक्ती आणि वजन शंभर किलोच्या किंचित वर. हातात घेतली की समजतं लोक अजून का शोधतात. पण ओंकार, पहिली गाडी म्हणून घेऊ नको. एकतर चांगल्या आरएक्सचे भाव आता हौशी लोकांनी कुठच्या कुठे नेलेत, तुझ्या पैशांत जे मिळेल ते तीन गाड्यांचं जोडकाम असेल. दुसरं, पिकअप अंगावर येतो आणि पुढे मात्र ड्रम ब्रेक. ज्याचा हात अजून बसला नाही त्याला ती फसवते. तिसरं, कुलूप लावून कॉलेजबाहेर उभी केलीस तरी वर्गात मन लागणार नाही. स्प्लेंडरवर हात तयार कर, पुढे कमावता झालास की माझ्याकडे ये, चांगली आरएक्स कशी ओळखायची ते बसून दाखवतो.

लेथ_उद्यमनगर

मी कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात बोअरिंग-होनिंगचं काम करतो. इंजिन उघडलं की काम माझ्याकडेच येतं, तरी सांगतो: भावा, आत्ता इंजिन उघडू नको. चालू होऊन बघितल्याशिवाय फुल इंजिन काम सांगणाऱ्याला विचार, काय मोजून सांगितलंत?

बारा हजारांतला पहिला रुपया ब्रेकला जाऊ दे. मग टायर, मग हँडलचा कोनसेट, चाकांची बेअरिंग, चिमट्याचे (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांचे) बुश. म्हणजे जे तुला थांबवतं आणि जे तुला सरळ ठेवतं. इंजिन रस्त्यात बंद पडलं तर गाडी ढकलत घरी येशील. पुढचा ब्रेक पाटणच्या घाटात गेला तर काय होईल ते लिहायची गरज नाही. पहिल्या गाडीचा पैसा नेहमी उलटा खर्च होतो: रंग, सीट कव्हर, सायलेन्सर, आणि ब्रेकला "नंतर बघू". माझ्या दारात अशा गाड्या घेऊन पोरं येतात आणि मला फार वाईट वाटतं.

आता तपासणी. गाडी मधल्या स्टँडवर घे. पुढचं चाक उचलून धर आणि शॉकअपच्या खालच्या टोकाला धरून पुढे-मागे हलव. खटखट आली तर कोनसेट सैल. मधोमध खटकन बसतं म्हणालास, म्हणजे छर्ऱ्यांनी वाट्यांत खड्डे पाडलेत. तो पूर्ण सेट बदलावा लागेल, नुसते छर्रे टाकून जमणार नाही. मागचं चाक दोन्ही हातांनी आडवं हलव: चाकच हललं तर बेअरिंग, चाकासकट चिमटा हलला तर बुश. टायरच्या बाजूवर चार आकडे एका चौकटीत असतात. ३२१४ म्हणजे २०१४ चा बत्तिसावा आठवडा. नक्षी कितीही शिल्लक असू दे, रबर तडकलं असेल तर टायर गेला. तुझ्या गाडीला पुढे-मागे दोन्ही २.७५-१८, मागचा जास्त प्लायचा, म्हणजे जास्त थरांचा. सोबत ट्यूबही नवीच घे.

ओंकार_कराड

काकूंना सगळा हिशेब कागदावर लिहून दाखवला. त्यांनी आपणहून दोन हजार कमी केले, आणि पतसंस्थेचा नील दाखला काकांच्या ट्रंकेत, दूध संघाच्या पासबुकात घडी घालून ठेवलेला सापडला. वारसाचा अर्ज काकूंच्या मुलानं भरलाय. गाडी आमच्या अंगणात आली.

कोनसेट उघडला. लेथवाले दादा, तुम्ही म्हणालात तसंच निघालं. ग्रीस सुकून चिकणमातीसारखं झालेलं. ते डिझेलनं धुतल्यावर खालच्या वाटीत गोल गोल खळगे दिसले, पुढच्या बाजूला खोल, मागे उथळ. बोट फिरवलं की नखाला लागतात. इतकी वर्षं दुधाच्या किटल्यांचं वजन आणि खडीचा रस्ता.

मागचं चाकही काढलं. ब्रेक शू अजून जाड आहेत, पण वरून काचेसारखे चमकतात. ब्रेक दाबून राहत होता तो शूमुळे नाही. ड्रमच्या झाकणातून जो कॅम आत जातो त्याचा दांडा गंजून घट्ट झाला होता. हातानं फिरतच नव्हता.

लेथ_उद्यमनगर

शाब्बास. तो दांडा बाहेर काढ, बारीक पॉलिश पेपरनं गंज उतरव, भोकही साफ कर. ग्रीसचा अगदी पातळ हात दे, दांड्याला आणि कॅमच्या दोन तोंडांना. जास्त भरलंस तर गरम होऊन शूवर उतरेल आणि ब्रेक धरणारच नाही. चमकणारे शू घासून वापरता येतात, पण तुझ्या गाडीला नवेच टाक, पुढचे-मागचे दोन्ही. ड्रमच्या आत काठाला पायरी झाली आहे का ते नखानं बघ. जुन्या शूची धूळ फुंकरीनं उडवू नको, जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्यानं पूस, तोंडाला रुमाल बांध. नवे शू बसल्यावर ब्रेकच्या आर्मवरचा बाण आणि झाकणावरची खूण बघून ठेव. ब्रेक दाबल्यावर बाण खुणेला पोचला की शू संपले.

कोनसेट आवळताना घाई नको. पुढचं चाक अधांतरी असताना हँडल सोडलं की ते आपल्या वजनानं दोन्ही बाजूंना पडलं पाहिजे, आणि पुढे-मागे हलवल्यावर खटखट येता कामा नये. दोन्ही एकाच वेळी साधलं की बरोबर बसलं.

लेस्टरकर

मूळचा सांगलीचा, सध्या इंग्लंडात. इथे सतराव्या वर्षी एक दिवसाचं सक्तीचं प्रशिक्षण घेतलं की १२५ सीसीपर्यंतची गाडी शिकाऊ पाटी लावून चालवता येते. त्यामुळे पोरं जुनी होंडा सीजी १२५ घेऊन अशीच उभी करतात. तीही १९७६ ते २००८ निघालेली, आपल्या स्प्लेंडरसारखीच साधी आणि चिवट. मुद्दा असा की इथे तीन वर्षांवरच्या गाडीची दरवर्षी एमओटी नावाची तपासणी असते. ती करणारा माणूस ब्रेक, टायर, हँडलचे बेअरिंग, चिमटा, शॉकअप, चेन, दिवे सगळं हलवून, फिरवून बघतो. इंजिन किती ओढतं हे तो विचारतही नाही. उद्यमनगरच्या दादांनी सांगितलेला क्रम तंतोतंत तोच आहे.

ओंकार_कराड

ब्रेक, टायर, कोनसेट झालं. चिमट्याचे बुश चांगले निघाले. आता इंजिन चालू करायचं मन अनावर झालंय. आधी काय करू?

गावठी_गॅरेज

थेट किक मारू नको. जुनं ऑइल गरम न करताच काढ, वेळ लागेल पण निघेल. प्लग काढून भोकातून चमचाभर ऑइल सोड आणि रात्रभर ठेव. सकाळी प्लगविनाच किक हातानं हळूहळू दाब. मोकळी फिरली की नवं १०डब्ल्यू३० ग्रेडचं ऑइल भर. टाकीतलं जुनं पेट्रोल पूर्ण काढ. ते गाडीत पुन्हा नको आणि विहिरीजवळ, गोठ्याजवळ ओतूही नको. टाकीत गंज असेल तर नळी आणि कॉक सोडवून, कॉकची जागा बुचानं बंद करून आत मूठभर नट-बोल्ट आणि पांढरं व्हिनेगर, रात्रभर. मधूनमधून हलवायचं. मग पाणी, खायच्या सोड्याचं पाणी, परत साधं पाणी, आणि उन्हात खडखडीत वाळवायची. भोक पडलं असेल तर रिकामी टाकी वेल्डिंगवाल्याकडे तशीच नेऊ नको. रिकाम्या टाकीतली वाफच फुटते, पेट्रोल नसलं तरी.

आता कार्बोरेटर. खालची वाटी स्क्रूंनी बसवलेली असते. तिथे मधासारखा चिकट, हिरवट थर दिसेल. फ्लोट (आतला तरंगणारा भाग) अलगद काढ, त्याची सुई बघ: टोकाला गोल खाच पडली असेल तर सुई बदल, नाहीतर गाडी ओव्हरफ्लो होत राहील. मग स्लो जेट (पेट्रोल सोडणारी बारीक पितळी नळी) काढून उजेडाकडे धर. त्याचं भोक केसाएवढं असतं. पलीकडचा उजेड टाचणीच्या टोकाएवढा, स्वच्छ गोल दिसला पाहिजे. दिसला नाही तर वायरमधली तांब्याची एक बारीक तार घालून मोकळं कर. सुई, टाचणी, ब्रेक केबलची तार घालू नको. पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की गाडी कायम जादा पेट्रोल पिते. हवेचा स्क्रू काढायच्या आधी तो किती फेरे आत जातो ते मोजून लिहून ठेव आणि बसवताना तेवढाच सोड.

बॅटरीची वाट बघू नको. या गाडीचं इग्निशन मॅग्नेटोवर, म्हणजे इंजिनच्या फिरण्यातून होणाऱ्या विजेवर चालतं, बॅटरी बसलेली असली तरी किकवर चालू होईल. हॉर्न आणि इंडिकेटरला मात्र ती लागेल, १२ व्होल्ट २.५ अँपिअर-अवरची.

पंपावरचा_विशाल

यात एक भर. आता सगळीकडे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. २००४ च्या गाडीचे रबर त्या हिशेबानं बनवलेले नव्हते. पेट्रोलची नळी, कॉकचं रबर, कार्बोरेटरच्या वाटीची रिंग आत्ताच नवीन टाक. जुन्या नळीला चिमटा काढून बघ, बारीक चिरा दिसतील. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणून पावसाळ्यात टाकी अर्धी ठेवून गाडी उभी करत जाऊ नको. परीक्षेत वगैरे बरेच दिवस उभी राहणार असेल तर कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेव. कार्बोरेटर कोरडा राहिला की जेट तुंबत नाही.

ओंकार_कराड

चालू झाली!! चोक ओढून किका मारत होतो, आधी नुसती फुरफुरली, मग एकदम धरली. आई स्वयंपाकघरातून पळत बाहेर आली, काकू त्यांच्या दारात उभ्या होत्या. काही बोलल्या नाहीत, आत जाऊन हळद-कुंकू घेऊन आल्या.

एक शंका. सकाळी पहिल्या किकला निळसर धूर येतो, दोन मिनिटांत जातो. नंतर रेस केली तरी धूर नाही. मेकॅनिक म्हणतात, बघ, बोअर गेलाय.

लेथ_उद्यमनगर

बोअर गेला असता तर रेस करताना, चढाला, गरम झाल्यावरही धूर राहिला असता. रात्रभर उभी राहिल्यावर फक्त सकाळी येतो आणि जातो, तेव्हा पहिला संशय व्हॉल्व्हच्या ऑइल सीलवर. दोन पावसाळे उभी होती, रबर कडक झालंय. काही दिवस चालव आणि ऑइलवर नजर ठेव. ऑइल फार कमी होत नसेल तर सीलचं काम सवडीनं कर.

पुढे कधी बोअरची वेळ आलीच तर सिलिंडर घेऊन ये. बोअर वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी आडवा-उभा मोजून दाखवतो. झीज किती आहे ते कागदावर लिहून मगच ओव्हरसाइज पिस्टन कुठला ते ठरतं, ०.२५ की ०.५०. न मोजता पिस्टन आणायला सांगणाऱ्याकडे जाऊ नको. एक काम मात्र क्लचचं कव्हर कधी उघडलं की आठवणीनं करून घे. उजव्या बाजूला क्रँकच्या टोकावर ऑइल गाळायची गोल डबी असते. ती फिरते आणि गाळ कडेला धरून ठेवते. ऑइल बदलताना ती कुणी उघडत नाही, आणि वीस वर्षांचा काळा गाळ आत डांबरासारखा बसलेला असतो. शेजारची जाळीही धू.

रेवती_फलटण

ओंकार, गाडीबद्दल सगळे सांगतायत, मी चालवण्याबद्दल सांगते. मी शाळेत शिकवते, रोज गाडीनं जाते, आणि माझ्या वर्गातली किती मुलं गाडी शिकली नाहीत, नुसती पळवायला शिकली, हे बघते.

रस्त्यावर येण्याआधी मोकळ्या मैदानात ब्रेकचा सराव कर. वीसच्या वेगात, मग तीसच्या, मग चाळीसच्या. पुढचा आणि मागचा एकत्र, पुढचा झटक्यानं न ओढता दाबत न्यायचा. पुढच्या ब्रेकला घाबरून नुसता मागचा दाबायची सवय लागली की ऐन वेळी मागचं चाक घसरतं. मग हेच मातीवर आणि खडीवर कर, तिथे पुढचा किती हलका धरायचा ते हाताला कळू दे. ड्रम ब्रेक भिजले की थोडा वेळ नीट धरत नाहीत. ओढ्यातून, साचलेल्या पाण्यातून बाहेर आलास की हळू चालवत दोन्ही ब्रेक किंचित दाबून सुकव. या गाडीचा पुढचा दिवा इंजिनच्या फिरण्यावर चालतो, वेग कमी केला की तो मंदावतो. म्हणून रात्री घाटात निघू नको. लायसन्स आणि हेल्मेट दोन्ही आहेत ना? हेल्मेट आयएसआयचं घे, पट्टा लाव. बाराच्या बजेटमध्ये बसत नसेल तर साइड पॅनल नंतर घे.

ओंकार_कराड

ताई, लायसन्स आहे. हेल्मेट मामानं दिलंय, नवं. मैदानावर सराव चालू केलाय. खडीवर पुढचा ब्रेक खरंच वेगळा लागतो.

कागदही झाले. गाडी टेम्पोतून आरटीओत नेली. निरीक्षकांनी हँडल वळवून बघितलं, ब्रेक बघितले, हॉर्न वाजवला. गाडी आता माझ्या नावावर आहे आणि जुनाच एमएच ११ नंबर राहिला, याचा काकूंना फार आनंद झाला. रंग मारलेला नाही. टाकीवर काकांच्या दुधाच्या किटलीनं पडलेला पोचा तसाच आहे, तो मी काढणार नाही. पैसे वीसच्या थोडे वर गेले. वरचे वडिलांनी दिले, ते मी परत करणार आहे.

शेवटचा प्रश्न: ऑइलची पातळी कशी बघायची? प्रत्येक जण वेगळं सांगतो. कुणी म्हणतं पट्टी आटे देऊन बसवून बघ, कुणी म्हणतं नुसती टेकव.

गावठी_गॅरेज

नुसती टेकव. गाडी सपाट जागेवर, मधल्या स्टँडवर. साइड स्टँडवर पातळी चुकीची दिसते. इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून बंद कर, थोडं थांब, ऑइल खाली उतरू दे. पट्टी काढून स्वच्छ फडक्यानं पूस, भोकात घाल, आटे न फिरवता नुसती टेकव आणि काढ. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. खालच्या खुणेला आलं तर त्याच ग्रेडचं थोडं थोडं घाल, वरच्या खुणेच्या पुढे जाऊ देऊ नको. तुझ्या गाडीला सकाळचा धूर आहे, म्हणून दर रविवारी बघ आणि वहीत किलोमीटरसकट लिही. महिनाभराचे आकडे झाले की इथे टाक, सील कधी करायचे ते त्यावरून सांगतो.